थांब्यावरची वाट: बेस्टच्या प्रवाशाचा वेळ कुठे गेला

मुंबईत बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, गर्दीबद्दल तो फारशी तक्रार करणार नाही. लोकलने घडवलेलं ते अंग आहे, गर्दीत शिरायला त्याला शिकवावं लागत नाही. त्याचा जीव मेटाकुटीला येतो तो गाडी कधी येणार हे कळत नाही म्हणून. वीस मिनिटं काही नाही, मग एकाच नंबरच्या तीन गाड्या एकापाठोपाठ. चालक मुद्दाम असं करतात, हा समज जुना आहे. खरं कारण साधं आहे. पहिली गाडी सिग्नलला किंवा मेट्रोच्या खोदकामात अडकली की पुढच्या थांब्यांवर तिच्यासाठी माणसं साचतात. ती चढवता चढवता तिला आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला माणसंच मिळत नाहीत, ती भरभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. गाड्या भरपूर असल्या की या गोंधळाचा फटका पाच मिनिटांचा असतो. गाड्या कमी असल्या की तोच फटका पाऊण तासावर जातो. म्हणून खरा प्रश्न हा की गाड्या कमी का झाल्या.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. भाडं तीन आणे, आणि तिकीट नावाची वस्तूच नव्हती. लोक चढू लागले तसं कंपनीने भाडं दोन आण्यांवर आणलं. फुकटे वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटंही आली. प्रवासी वाढले म्हणून भाडं उतरवलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्यानंतर या शहराने असा दिवस फार क्वचित पाहिला.

१९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजेच बेस्ट, स्थापन झाली. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली आणि घोडे निवृत्त झाले. पुढच्या शंभर वर्षांची मेख याच नावात आहे. एकच संस्था घरात दिवा लावणार आणि रस्त्यावर गाडीही चालवणार. विजेत पैसा होता, वाहतुकीत माणसं होती.

बस आली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. वर्षाच्या अखेरपर्यंत सहा लाख लोक तिच्यात बसले, पुढच्या वर्षी अडतीस लाख. तरी ती सुरुवातीला खाऊनपिऊन सुखी माणसाची गाडी होती. म्युझियमपासून दादरला ट्रामने दीड आण्यात जाता येई, बसला चार आणे पडत. गिरणीत किंवा गोदीत राबणारा माणूस ट्रामच धरायचा. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा २३ मार्गांवर २४२ बस होत्या. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि दीड आणेवाला प्रवासीही बसच्या रांगेत येऊन उभा राहिला.

पुढची तीसेक वर्षं हा या संस्थेचा भरभराटीचा काळ म्हणावा लागेल. वाहक डाव्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी घेऊन, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून, सीटच्या दांड्यावर पंच टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचा. पातळ कागदाची रंगीत तिकिटं, त्यावर पंचाने पाडलेलं बारीक भोक. दोरीचा एक ठोका थांबायला, दोन ठोके निघायला. गाडीच्या कपाळावर मराठी आकडे असत. उत्तरेहून, दक्षिणेहून आलेल्या कितीतरी माणसांनी मराठीतलं पहिलं वाचन केलं असेल ते या आकड्यांचं. कटकटी तेव्हाही होत्या. सुट्ट्यांवरून रोज वाद, ऐन वेळी थांबा सोडून पुढे पळालेली गाडी, पावसात गळणारी खिडकी. पण एक गाडी चुकली तर दुसरी येईल हा भरवसा होता, आणि माझ्या मते सार्वजनिक वाहतुकीत खरी किंमत या भरवशाचीच.

हा भरवसा उभा होता वीजबिलावर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घराघरांत, दुकानांत वीज बेस्टची. तिथल्या मिळकतीतून साऱ्या मुंबईच्या बसचा तोटा भरून निघायचा. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या प्रवाशाचं भाडं गिरगावातला पंखा थोडंथोडं उचलत होता. २००३ चा वीज कायदा आला आणि ही सांगड टिकणं अवघड झालं. वीजग्राहकाने बसचा तोटा का भरायचा, हा वाद वीज नियामक आयोगापासून न्यायालयापर्यंत गेला. वीजग्राहकाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चूक पुढे झाली. वीजबिलातून येणारा पैसा आटणार हे दिसत असताना त्याच्या जागी दुसरा कुठला कायमचा पैसा येणार, हे कोणी ठरवलंच नाही.

मग जे व्हायचं ते झालं. एके काळी चार हजारांहून अधिक स्वतःच्या गाड्या असलेल्या संस्थेत जुन्या गाड्या मोडीत निघत राहिल्या आणि त्यांच्या जागी नव्या येईनात. जांभळ्या वातानुकूलित गाड्या गाजावाजा करून आल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये बंद झाल्या. २०१५ साली किमान भाडं आठ रुपये झालं, आणि शेअर रिक्षाच्या रांगा लांबल्या. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, ही त्यातली एक मोठी मागणी होती. म्हणजे तोट्याचा धनी कोण, हाच प्रश्न कामगार रस्त्यावर येऊन विचारत होते.

उत्तर म्हणून आल्या भाडेतत्त्वावरच्या गाड्या. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, इंधनही त्याचं, आणि त्याला पैसे धावलेल्या किलोमीटरवर. कागदावर हे स्वस्त दिसतं. पण कंत्राटदाराला परवडेनासं झालं की तो गाड्या उभ्या करतो आणि थांब्यावरच्या माणसाचा मार्ग रातोरात बंद पडतो. असं एकदा नाही, अनेकदा झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी आठवडाभर काम थांबवलं तेव्हा आगारांत गाड्या होत्या आणि रस्त्यावर नव्हत्या. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या बसने माणसं चिरडली, तेव्हा चालकाला शिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे विचारायला जीव जावे लागले. २०२५ पर्यंत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र चांगली घडली होती. ९ जुलै २०१९ ला किमान भाडं आठावरून पाच रुपयांवर आलं, वातानुकूलित गाडीला सहा. रिक्षाकडे गेलेले प्रवासी परत आले. घरकामाला जाणाऱ्या बाईला दोन थांब्यांसाठी पाच रुपये देणं सोपं झालं. पण परत आलेल्या प्रवाशांसाठी लागणाऱ्या गाड्या त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि स्वस्त झालेली बस तशीच उशिरा येत राहिली.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली. लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. त्या गर्दीत पुष्कळ जण असे होते ज्यांनी लहानपणी वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी धावाधाव केली होती. विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत, त्यांचं स्वागतच आहे. मेट्रोही आल्या, आणि मेट्रो स्थानकातून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरला बसची गरज पूर्वीपेक्षा वाढली. ९ मे २०२५ पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलितचं बारा. घरकामाला जाणारी ती बाई आता ते दोन थांबे पायी जाते.