अधिग्रहित की संपादित? रावेरकडच्या नागरी संरक्षणाच्या जीपची पार्श्वभूमी

रावेर तालुक्यात एका केळीच्या वखारीमागे एक जीप कित्येक वर्षांपासून उभी आहे. बॉनेट उंच, स्टिअरिंग डावीकडे, मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही सूचना अजून वाचता येते. बाजूचा हिरवा रंग खरवडला की खालून ‘नागरी संरक्षण’ ही अक्षरे निघतात. एका सरकारी कार्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, ती सरकारी म्हणून लिहिलेली आहे. वखारीचे कुटुंब सांगते, गाडी आजोबांची, सरकारने युद्धाच्या वेळी नेली आणि नंतर आणून सोडली. गाडी परत केल्याची पावती मात्र कुणाकडेच नाही.

७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत भुसावळचे नाव आले, भोंग्यांची चौकशी सुरू झाली आणि त्या ओघात ही जीपही पुन्हा चर्चेत आली.

गावात काहीजण तिला महायुद्धातली मिलिटरीची जीप म्हणतात. ते खरे नाही. महायुद्धातल्या विलिस जीपचे बॉनेट बसके असते. हिचे उंच आहे, कारण त्याखाली २.२ लिटरचे नवे, उंच पेट्रोल इंजिन बसवायचे होते. हे सीजे-३बी मॉडेल. मुंबईत १९४७ पासून जीपची जुळणी होत होती आणि हे मॉडेल १९५० च्या दशकात आले. त्यामुळे महायुद्धाच्या एआरपीशी, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या यंत्रणेशी, किंवा लष्करी लिलावातल्या विलिसशी हिचा संबंध जोडण्यात अर्थ नाही.

ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि नागरी संरक्षणाची यंत्रणा नव्याने उभी राहू लागली. आपल्या भागात तिचे कारण भुसावळ. मुंबईहून आलेला लोहमार्ग इथेच नागपूर आणि इटारसीकडे फुटतो, तापीचा पूल जवळ, १९४९ पासून आयुध निर्माणी. १९६४ मध्ये वरणगावची निर्माणी तिच्या जोडीला आली. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने नियंत्रकाचे पद जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालच्या कुणाला देता येत नाही. म्हणून अशा गाड्यांचे कागद बहुधा महसूल खात्याच्या दप्तरात सापडतात, आणि लोक मात्र ते अग्निशमन किंवा होमगार्डकडे शोधत बसतात. आणखी एक अडचण जिल्ह्याच्या नावाची. १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले ते पूर्व आणि पश्चिम. जळगाव आणि धुळे ही नावे महाराष्ट्र राज्य झाल्यावरची. कुटुंबाकडच्या एका पत्राच्या मथळ्यावर ‘पूर्व खान्देश’ खोडून शाईने ‘जळगाव’ केलेले आहे. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून तिकडच्या अशा गाडीचा शोध घेणाऱ्याने त्यापूर्वीचे कागद धुळ्यालाच पाहावेत.

त्या पत्रात एक शब्द आहे, ‘अधिग्रहित’. सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

कार्यालयाचे म्हणणे असे की अधिग्रहित म्हणजे सरकारजमा. हा अर्थ आला कुठून, ते समजण्यासारखे आहे. हिंदी वर्तमानपत्रे भूसंपादनाला ‘भूमि अधिग्रहण’ म्हणतात. आपल्याकडे रेल्वेमुळे आणि बऱ्हाणपूरच्या शेजारामुळे हिंदी कानावर कायम असते, तेव्हा दोन्ही शब्द एकच वाटू लागतात. मराठी प्रशासनाच्या भाषेत ते एक नाहीत. संपादन म्हणजे मालकी घेणे, अधिग्रहण म्हणजे मालकी न घेता वापरासाठी ताबा घेणे. हे आपल्याला शिकवायला कायदेपंडित लागत नाही. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा भागात टंचाईच्या उन्हाळ्यात तहसीलदार खासगी विहिरी अधिग्रहित करतात. पाणी गावाला जाते, शेतकऱ्याला मोबदला ठरतो आणि पाऊस पडला की विहीर त्याचीच असते. सातबारा बदलत नाही. निवडणुकीला जीप आणि बसगाड्या अधिग्रहित होतात, मतदान यंत्रे पोहोचवून घरी येतात. हतनूर धरणात गेलेली जमीन मात्र संपादित झाली. ती परत येणार नाही, हे त्या गावांना पक्के माहीत आहे.

मग जडवस्तू नोंदवहीत गाडी कशी आली? नोंदवही ताब्यातल्या वस्तूंची असते. एखाद्याने ताबा आणि मालकी यांत फरक न करता ओळ लिहिली, पुढच्याने ती नव्या वहीत उतरवली, असे होऊ शकते. गाडी सरकारची असती आणि ती कंडम करून विकली असती, तर निर्लेखनाचा, म्हणजे गाडी वहीतून कमी करण्याचा, आदेश आणि लिलावाचे कागद निघाले असते. आजही लिलावातली गाडी नावावर करायला नमुना ३२ भरावा लागतो आणि विक्रीचा दाखला जोडावा लागतो. इथे आदेश नाही, लिलावही नाही. माझ्या मते यातून कुटुंबाची बाजू बळकट होते. युद्धकाळच्या कायद्यांनी सरकारला मोठे अधिकार दिले होते, पण १९६२ ची आणीबाणी जानेवारी १९६८ मध्ये उठली. त्यानंतर दुसऱ्याची गाडी आपल्या वहीत ठेवायची तर निदान एक कागद दाखवायला हवा.

हा निव्वळ शब्दांचा वाद राहिलेला नाही, कारण गाडीचे पुढे काय होणार ते यावरच ठरते. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली आणि त्यांची वाट भंगार केंद्राकडे लागली. देशाचे संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी प्रत्यक्ष कामावर असलेल्या विशेष वाहनांना सूट आहे. पाटीवर ‘संरक्षण’ शब्द आहे म्हणून वखारीमागे उभी असलेली जीप त्या सुटीत बसणार नाही.

गाडी खासगी ठरली तर मात्र २०२१ चे व्हिंटेज नियम लागू होतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी त्यांत येते, आणि जुनी नोंदणी असेल तर जुना क्रमांकही राहतो. ट्रकच्या सांगाड्यावरची बचाव गाडी यात बसत नाही, जीप बसते. मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचे हवे. खान्देशात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप रस्तोरस्ती दिसत. या जीपचे बॉनेट उघडले तेव्हा आत जुने पेट्रोल इंजिनच निघाले. ते पाहून मला मनापासून आनंद झाला.

आता चेसिस नंबर उरला आहे. चौकटीवरचा गंज रॉकेलने पुसून पेन्सिलने ठसा घेतला, त्यात शेवटचे दोन अंक उमटले नाहीत. कुटुंबाकडच्या फाटक्या आरसी बुकात ते दोन अंक शाबूत आहेत. कार्यालयाच्या नोंदवहीत चेसिस नंबरचा रकाना रिकामा आहे.