कोबीच्या रसाने कॅन्सर बरा होतो का?

'रोज कोबी-ब्रोकोलीचा कच्चा रस प्या, केमोची गरज नाही' हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय.

दादरच्या मंडईतले कोबी, फ्लॉवर, मुळा एकाच कुळातले. चिरताना पेशी फुटतात, मायरोसिनेज हे विकर कामाला लागतं आणि सल्फोराफेनच्या जातीची संयुगं तयार होतात. मुळ्याचा नाकात जाणारा झणका त्यांचाच. प्रयोगशाळेतल्या बशीत आणि उंदरांत त्यांनी कॅन्सरपेशींची वाढ रोखलेली दिसली, हे खरं. पण बशीत मात्रा थेट पेशींवर पडते. पोटातून रक्तात फारच थोडी पोचते. रसाने माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही.

असा मेसेज आला की विचारा: प्रयोग माणसांवर झाला का? रस न घेणाऱ्यांशी तुलना केली का?

भाजी जरूर खा, पण केमो चालू ठेवा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं. ब्रोकोली-कोबीत व्हिटॅमिन के असतं, ते या औषधाचा परिणाम कमी करू शकतं.