शिशाचा तुकडा मासा कसा होतो?

"सुरमईसाठी ना, गुलाबीच न्या. गुलाबी दिसला की ती सोडतच नाही." मागच्या डिसेंबरात एका दुकानात हे ऐकलं आणि माझ्या मित्राने एकाच मापाचे तीन गुलाबी जिग पिशवीत टाकले. मी त्यातला एक बोटावर आडवा ठेवून तोलून बघितला. मधोमध धरला तर तोल राहीचना, शेपटीकडचं टोक झपकन खाली गेलं. आम्हाला जायचं होतं मालवणच्या बाहेर तीस-पस्तीस मीटर पाण्यात, खडपावर हेकरू आणि तांबोशी गरवायला. त्या कामाला हा जिग योग्य नव्हता, आणि त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता.

ज्यांनी जिग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा शिशाचा ओतीव तुकडा असतो, साधारण माशाच्या आकाराचा. आतून आरपार एक तार, अंगावर चकचकीत फॉइल, त्यावर रंग आणि वरून पारदर्शक लेप. वजन वीस ग्रॅमपासून तीन-चारशे ग्रॅमपर्यंत. त्याला वास नाही, चव नाही, मांसाचा कण नाही. दोरीला बांधून तो तळापर्यंत सोडायचा, गरीच्या काठीने झटके देत वर आणायचा, पुन्हा पडू द्यायचा. आमच्या होडीचे तांडेल काका आयुष्यभर कोळंबी नाहीतर तारली गळाला लावत आले. पहिल्यांदा जिग हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "ह्या शिशाच्या तुकड्याक खंयचो मासो फसतलो रे?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आधी रंगाचं बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. पाणी लाल प्रकाश गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दहा मीटर खाली जाईपर्यंत शंभरातला जेमतेम तीन-चार भाग उरतो. निळा प्रकाश त्या मानाने कितीतरी खोल पोचतो. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती असल्यामुळे निळाही मार खातो आणि सगळ्यात टिकतो तो हिरवा. म्हणजे तीस मीटरवर गुलाबी जिगचा गुलाबीपणा उरतच नाही, तिथे तो करडा तुकडा असतो. फ्लुओरोसंट रंग याला थोडा अपवाद आहेत. ते निळा-हिरवा प्रकाश घेऊन स्वतः लालसर प्रकाश टाकतात, पण तो लाल प्रकाशही माशापर्यंत जाताना पाण्यात विरत जातो. अंधारात हिरवे चमकणारे पट्टे मात्र खरोखर कामाचे. त्यातला स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट हा पदार्थ ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो, आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यातून नेमका तोच हिरवा सगळ्यात चांगला जातो. पहाटे किंवा गढूळ पाण्यात मी तसाच जिग लावतो.

आता चांदीकडे येऊ. बाजारातून तारली आणली की ती साफ करताना बोटांना चांदी लागते. ती चांदी नसते, ते ग्वानीन असतं. आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर असलेलंच हे रसायन, पण माशाच्या त्वचेत त्याचे पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात. एकेका स्फटिकाची जाडी सुमारे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो, तो एकमेकांत मिळून जोर धरतो आणि धातूचा कणही नसताना मासा आरसा होतो.

हा आरसा दिसण्यासाठी नसून लपण्यासाठी आहे. मोकळ्या पाण्यात प्रकाश वरून येतो आणि आडव्या दिशांनी सगळीकडे साधारण सारखाच असतो. अशा ठिकाणी उभा आरसा ठेवला तर त्यात समोरचं पाणी दिसतं, आणि समोरचं पाणी मागच्या पाण्यासारखंच असतं. आरसा दिसेनासा होतो. ताठ पोहणारी तारली अशीच दिसेनाशी होते. पण ती जखमी झाली, तोल गेला, अंग कलंडलं, की आरसाही कलंडतो. मग वरचा लख्ख प्रकाश आडव्या दिशेने बाहेर फेकला जातो. क्षणभर एक ठिणगी दिसते आणि विझते. शिकारी माशासाठी ती ठिणगी म्हणजे वाढलेलं ताट आहे. निरोगी तारलीच्या मागे शंभर मीटर धावण्यापेक्षा कलंडलेली गिळणं त्याला परवडतं.

तेव्हा जिगने चमकायला तर हवंच, पण सतत नाही. तो कलंडत, सावरत, पुन्हा कलंडत पडायला हवा. हे त्याला शिकवतं कोण?

घरी बादलीभर पाणी घ्या. एक रुपयाचं नाणं पाण्यात आडवं धरून सोडा. ते सरळ खाली जात नाही. झोका घेतं, एका बाजूला घसरतं, थबकतं, उलट्या बाजूला घसरतं, एखादे वेळी कोलांटी घेऊन भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतं. दहा वेळा सोडा, दहा वेळा वेगळ्या जागी पडेल. हवेत पडणाऱ्या कागदाच्या पट्टीच्या अशाच गिरक्यांवर जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५४ साली लेख लिहिला होता. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं त्याने मांडली ती त्यानंतर काही वर्षांनी. पडणारी पट्टी हा त्याला विचार करण्याजोगा विषय वाटला, आणि तो विषय अजून संपलेला नाही.

घडतं ते असं. सपाट पट्टी आडवी पडत असताना पाणी तिला खालून दाबतं. हा सगळा दाब एका बिंदूत एकवटला आहे असं मानू, त्याला दाबाचा मध्य म्हणू. पट्टी अगदी आडवी असेल तर दाबाचा मध्य बरोबर तिच्या मधोमध असतो, वजनाच्या मध्याच्या खाली. पट्टी जराशी कलली की ती खालच्या टोकाच्या दिशेने घसरू लागते, विमानाचा पंख पुढे सरकावा तशी. त्याबरोबर दाबाचा मध्यही पुढच्या कडेकडे सरकतो. पट्टी पाणी कापत जवळजवळ कडेने चालली असेल तर तो पुढच्या कडेपासून पाव लांबीवर येतो. आता वजन मधोमध खाली ओढतं आहे आणि दाब पुढच्या टोकाला वर ढकलतो आहे. या दोन बलांमुळे पट्टीवर पीळ येतो, पुढचं टोक उचललं जातं आणि पट्टी पुन्हा आडवी होऊ बघते. पण ती आडवी होऊन थांबत नाही. वळण्याचा वेग अंगात असतो, म्हणून ती आडव्या स्थितीच्या पलीकडे जाते, दुसऱ्या बाजूला कलते आणि उलट दिशेने घसरू लागते. झोपाळा मधल्या जागी थांबत नाही, तसंच हे. प्रत्येक झोक्याच्या शेवटी क्षणभर वेग मंदावतो, अंग पालटतं आणि आरसा चमकतो. पट्टी तिच्या लांबीच्या मानाने जाड आणि जड असेल तर वळण्याचा जोर इतका असतो की ती झोका सोडून सरळ कोलांट्या घेऊ लागते. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पडणं बेभरवशाचं होतं. आरंभीच्या केसभर फरकाने पुढचा सगळा मार्ग बदलतो.

आता वजनाचा मध्य मधोमध न ठेवता शेपटीकडे सरकवा. दाबाचा मध्य पुढे सरकला तरी वजन त्याच्याही पुढे आहे. मग पीळ उलटा बसतो. जड टोक वर उचललं जाण्याऐवजी खालीच खेचलं जातं आणि जिग सुरीसारखा पाणी कापत सरळ तळाला जातो. झोका नाही, कलंडणं नाही. दुकानात माझ्या बोटावर झालं ते हेच. जिग घेताना मी रंगाआधी तो बोटावर तोलतो, तो या कारणासाठी. मधोमध तोलला गेला तर तो झोके घेणारा. शेपटीकडे कलला तर सुरीसारखा पडणारा. शिवाय जिगच्या दोन्ही बाजू हाताने चाचपून बघाव्यात. एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असेल तर पाणी दोन्हीकडून सारखं वाहत नाही, आणि तोच जिग पडताना एका अंगाने निसटतो, उसळी घेतो.

फरक किती पडतो ते मी कागदावर मांडून बघितलं. दोनशे ग्रॅमचा शिशाचा जिग घेऊ. शिशाची घनता ११.३, म्हणून त्याचं आकारमान सुमारे पावणेअठरा घन सेंटिमीटर. समुद्राचं पाणी सुमारे १८ ग्रॅम उचलून धरतं, उरलं १८२ ग्रॅम. पंधरा सेंटिमीटर लांब, तीन रुंद असा तो आडवा पडला तर वेग सेकंदाला साधारण एक मीटर येतो. तोच टोकावर पडला तर चार-पाच मीटर. प्रत्यक्षात दोरी पाण्यात ओढली जाते म्हणून दुसरा आकडा बराच खाली येईल, पण तीस मीटर खोलीला अर्धा मिनिट झोके आणि दहा-बारा सेकंदांत सरळ तळ हा फरक राहतोच. हेकरू खडपाच्या कपारीत बसून वाट बघणारा मासा. त्याला ते अर्धं मिनिट हवं असतं. सुरमई आणि कुपा पाठलाग करणारे. त्यांच्यासाठी शेपटीकडे जड, सडपातळ जिग भराभर वर खेचला तर उत्तम चालतो. म्हणजे तो गुलाबी जिग सुरमईसाठी खरंच चांगला होता, फक्त गुलाबी असल्यामुळे नव्हे.

झोक्याला एक अट आहे. दोरी ताणलेली असेल तर ती नाक वर धरून ठेवते आणि जिग नुसता लोंबकळत खाली जातो. म्हणून जपानी मच्छीमारांच्या संथ पद्धतीत रीळ अर्धा-पाव फेरा फिरवून काठीचं टोक उचलतात आणि लगेच दोरी सैल सोडतात. जिग वर उडतो, आडवा होतो आणि मोकळा पडतो. विणलेली बारीक दोरी यासाठीच हवी. नायलॉन ताणला जातो, तुमचा झटका तीस मीटर खाली पोचेपर्यंत मऊ होतो. जाड दोरीला प्रवाहही जास्त ओढतो, आणि मग जिग तळाला न जाता होडीपासून लांब वाहत जातो. खोली मीटरमध्ये जितकी, तिच्या दुपटी-तिपटीइतके ग्रॅम हा माझा ढोबळ हिशेब. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो तेव्हा त्याहून जड लागतो, भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत हलका चालतो. टंगस्टनचे जिग महाग असतात, पण त्या धातूची घनता १९.३ आहे, म्हणून तेवढंच वजन शिशाच्या साठ टक्के जागेत मावतं. समोरचे मासे बोटाएवढी तारली खात असतील तर लहान आकार आणि जास्त वजन एकत्र हवं, तिथे तो पैसा वसूल होतो.

पुढची सुरमई आणाल तेव्हा कापण्याआधी तिच्या कुशीवरची बारीक रेघ बघा. मानेपासून निघते, पाठीला समांतर जाते आणि पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथे एकदम खाली वाकते. ही पार्श्वरेषा. तिच्यातल्या सूक्ष्म केसांना आसपासच्या पाण्याची हालचाल कळते, पण फार लांबची नाही, फार तर अंगाच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरावरची. लांबून डोळ्यांना चमक दिसते, जवळ आल्यावर झोक्यांनी ढवळलेलं पाणी अंगाला कळतं. शेवटचा झडप घालण्याचा निर्णय या दोन्हींवर होतो. ती झडप बहुधा डोक्याकडे असते, म्हणून गळ शेपटीला न लावता जिगच्या वरच्या कडीला आखूड दोरीने बांधलेले बरे. मासा लागल्यावर जिग त्याच्या तोंडाजवळ तरफेसारखा अडकून गळ उखडत नाही, हा आणखी एक फायदा.

हल्ली होडीत केळं नेलं तर मासा लागत नाही असं आपल्याकडची तरुण मुलंही सांगू लागली आहेत. ही समजूत परदेशी होड्यांवरून व्हिडिओतून इथे आली. आमच्या होडीत घावणे आणि केळी दोन्ही असतात आणि मासे मिळतात, कधी मिळत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेचं तसं नाही. तेव्हा उधाण असतं, प्रवाह बदलतो, आणि त्याचा परिणाम खरा आहे. पण तो चंद्राच्या ओढीचा आहे, दिवसाच्या शुभ-अशुभाचा नाही. एक विनंती मात्र कळकळीची. स्वयंपाकाच्या भांड्यात शिसं वितळवून घरीच जिग ओतणारी माणसं मला माहीत आहेत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, गॅसवर सहज, आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात शिशाची बहुतेक वजनं वापरायला १९८७ पासून बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. जिग हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

मासा पडत्या जिगला लागतो, आणि तेव्हा दोरी सैल असते. म्हणून हाताला हिसका बसेल याची वाट बघत राहिलं तर तो निसटून गेलेला असतो. मी सोडल्यापासून मोजतो. तीस मीटर पाणी, सेकंदाला एक मीटर, म्हणजे तीसला तळ लागायला हवा. त्या दिवशी मधोमध तोललेला जिग तिसऱ्यांदा सोडला आणि एकोणीसला दोरी जागच्या जागी थांबली. रीळ बंद करून काठी उचलली. तांडेल काका होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत होते.