आजोबांची पलटण : महायुद्धांतील शिपायांच्या नोंदी कुठे सापडतात?

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर या भागांतल्या कितीतरी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : ‘आमचे आजोबा जर्मनच्या लढाईत होते.’ त्यापुढे विचारले की सगळे गप्प होतात. कोणती पलटण, कुठला मुलूख, किती वर्षे, कुणालाच सांगता येत नाही. ट्रंकेत दोन-तीन बिल्ले असतात आणि गणवेशातला एखादा फिकट फोटो असतो. नातवंडे शोधायला निघतात तेव्हा त्यांना वाटते, सरकारदरबारी कुठेतरी आजोबांच्या नावाची फाइल असणार. बहुतेक वेळा ती नसते. याचे कारण समजून घ्यायचे तर ब्रिटिश काळातले लष्कर शिपायाची नोंद कशासाठी ठेवत होते ते आधी पाहावे लागते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे गेली, दुसऱ्यात २५ लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांचे चरित्र लिहून ठेवणे हा लष्कराचा हेतू कधीच नव्हता. पगार कुणाला द्यायचा, पेन्शन कुणाला लागू होते आणि मेल्यावर घरी कुणाला कळवायचे, या तीन प्रश्नांपुरती माणसाची नोंद होत असे. भरतीच्या वेळी ‘शीट रोल’ भरला जाई. त्यात गाव, तालुका, जात, उंची, अंगावरच्या खुणा असत. ‘किंड्रेड रोल’मध्ये घरच्यांची नावे असत. शिवाय रेकॉर्ड ऑफिसात ‘लाँग रोल’ ही मोठी नोंदवही असे. तिच्यात एकेका शिपायाला एकेक ओळ : नंबर, नाव, भरतीची तारीख, नोकरीतून सुटल्याची तारीख, सुटण्याचे कारण. सगळे काही नंबरावर आणि पलटणीवर चाले. त्यामुळे नुसत्या नावावरून शोध घेणारा पहिल्याच पायरीवर अडतो, कारण एकाच पलटणीत चार ‘पांडुरंग जाधव’ सहज सापडतात.

हे कागद लंडनला गेले नाहीत. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात अधिकाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी आहेत. साध्या शिपायाचा शीट रोल मात्र हिंदुस्थानातच, त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राहिला. १९४७ साली फौजेची वाटणी झाली तेव्हा मराठा पलटण भारताच्या वाट्याला आली. तिचे केंद्र १९२२पासून बेळगावात आहे आणि आजही पहिला अर्ज तिथेच करावा लागतो. आजोबा बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलात असतील तर खडकीला, महार रेजिमेंटमध्ये असतील तर मध्य प्रदेशातल्या सागरला.

आता कटू भाग. पेन्शन न घेता सुटलेल्या माणसाची सेवापत्रे ठरावीक काळ, साधारण २५ वर्षे, जपून मग नष्ट करायची, असा लष्कराचा नियम आहे. युद्धापुरते भरती झालेले आणि १९४६च्या सुमारास घरी पाठवलेले हजारो शिपाई नेमके याच वर्गातले. म्हणजे ज्यांच्याविषयी घरात सर्वांत कमी माहिती उरली, त्यांचेच कागद सर्वांत आधी गेले. लाँग रोल मात्र कायम जपायचा असतो. अनेक कुटुंबांना ‘कागदपत्रे नष्ट झाली आहेत’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि ती शोध सोडून देतात. माझ्या मते इथे सोडणे ही सर्वांत मोठी हानी आहे. ते उत्तर बहुधा शीट रोलपुरते असते, लाँग रोलबद्दल वेगळे विचारावे लागते.

पण विचारायला नंबर हवा, आणि तो बहुतेकदा घरातच असतो. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना दिलेली पदके कोरी होती, हिंदी फौजेच्या पदकांवर मात्र नाव-नंबर छापलेले मिळतात. म्हणून चिंच किंवा पॉलिश लावून पदक घासण्याआधी भिंगातून त्याची कड वाचावी. घासून घासून पुसट झालेल्या कडा हे आपल्याकडच्या घरांतले मोठे नुकसान आहे.

पदक स्वतःही बरेच बोलते. ‘आफ्रिका स्टार’ असेल तर एरिट्रिया किंवा लिबिया-इजिप्तची आघाडी. ‘इटली स्टार’ असेल तर जून १९४३नंतरची इटलीकडची मोहीम. ‘बर्मा स्टार’ असेल तर इंफाळ, आराकान, ब्रह्मदेश. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हे देशातच तीन वर्षे सेवा केल्याचे. पहिल्या महायुद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’मध्ये एक भेद आहे आणि तो मनाला लागतो. शिपायांना ते चांदीचे मिळाले, तर मजूर, भिस्ती, खेचरवाले अशा फॉलोअरांना तेच पदक काशाचे दिले गेले. काशाचे पदक हाती आले तर आजोबा लढवय्या तुकडीत नसून लेबर किंवा पोर्टर कोअरसारख्या तुकडीत होते, असा अंदाज बांधता येतो. गोळीबाराखाली पाणी आणि दारूगोळा वाहणाऱ्या या माणसांच्या नोंदी सर्वांत विरळ आहेत, म्हणून असे पदक विशेष जपावे.

पलटणीचे नाव वाचतानाही काळ पाहावा लागतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे क्रमांक होते. १९२२च्या फेररचनेत त्यांची मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. १०३वीची पहिली बटालियन झाली, १०५वीची दुसरी, ११०वीची तिसरी, ११६वीची चौथी, ११७वीची पाचवी आणि ११४वीची प्रशिक्षण बटालियन. नव्या व्यवस्थेत ‘३/५’ म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. हे माहीत नसले की वडील ११०वीत आणि मुलगा ३/५मध्ये, म्हणजे एकाच पलटणीत, हे ध्यानातच येत नाही. महार सैनिकांचा इतिहास आणखी तुटक आहे. काही ठरावीक जातीच लढाऊ असतात या ब्रिटिशांच्या सिद्धांतामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरती बंद झाली. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर काही वर्षांतच मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. मधल्या काळातला माणूस मजूर किंवा वाहतूक तुकड्यांत शोधावा लागतो.

पलटण आणि साल हाती आले की दुसरे दार उघडते, ते वॉर डायरीचे. लढाईवर असलेल्या प्रत्येक बटालियनला रोजची डायरी लिहावी लागे. पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. दुसऱ्याच्या, मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी ‘डब्ल्यूओ १६९’, इटलीसाठी ‘१७०’, आग्नेय आशियासाठी ‘१७२’. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे आणि राष्ट्रीय अभिलेखागारातही या काळातले लष्करी दप्तर आहे. अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते.

डायरी उघडताना एक तयारी ठेवावी : शिपायाचे नाव तिच्यात क्वचितच येते. लिहिणारा अधिकारी बहुधा ब्रिटिश असे. तो आपल्या बरोबरीच्यांची नावे लिही आणि बाकीच्यांसाठी ‘आयओआर’ म्हणजे इंडियन अदर रँक्स (अधिकारी नसलेले हिंदी सैनिक), त्यापुढे आकडा. तरीही डायरी वाचावी, कारण आजोबांचा दिवस तिच्यात असतो. कुठून कुठे कूच झाले, पाऊस होता की धूळ, रसद कधी पोचली, कुठली टेकडी घेतली, हे सगळे कळते. तिसरी मराठा मार्च १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढत होती. दुसरी मराठा जून १९४२मध्ये लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा तिथे होती आणि कैदेत गेली. चौथी मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाक भागात जपान्यांसमोर उभी होती. तुमच्या आजोबांची बटालियन आणि साल जुळले की ‘जर्मनच्या लढाईत होते’ या वाक्याला ठिकाण आणि तारीख मिळते.

नोंदींतली विषमता किती खोल आहे ते नाईक यशवंत घाडगे यांच्या कथेत दिसते. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्याचे हे सुपुत्र. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठाच्या हल्ल्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटेच त्या मोर्च्यावर तुटून पडले, तो काबीज केला आणि नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले, ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात मानपत्र छापले गेले, माणगावात पुतळा उभा राहिला. त्या मानपत्रात तुकडीतल्या बाकीच्या माणसांची नावे नाहीत. तीही कुणाचे तरी आजोबा, कुणाचे चुलते होती. त्यांचा शोध घ्यायचा तर वाट उलटी आहे : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर रेजिमेंट आणि मृत्यूची तारीख टाकून यादी काढायची आणि एकेक गाव पाहत जायचे.

मृतांच्या बाबतीत या कमिशनची नोंद सर्वांत उपयोगी पडते, कारण तिच्यात अनेकदा आईवडिलांची नावे, गाव आणि जिल्हा असतो. मात्र गावांची रोमन लिपीतली रूपे मोडकी असतात आणि जिल्हे जुने असतात. आजच्या सिंधुदुर्गातला माणूस ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी’खाली सापडेल, सांगलीकडचा ‘सातारा’खाली, रायगडचा ‘कुलाबा’खाली. फलटण, भोर, औंध, जत ही तेव्हा संस्थाने होती, हेही ध्यानात ठेवावे. ‘मराठा’चे इंग्रजी रूपसुद्धा तेव्हा ‘मह्‌राट्टा’ असे लिहीत.

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींचा सर्वांत मोठा घाव मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये बसला. पुण्याची सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५मध्ये कुत-अल-अमारा इथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. कैदेतल्या कूचेत आणि छावण्यांत फार माणसे गेली. त्या आघाडीवर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसरा इथे स्मारक उभारले गेले. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी फौजेपैकी मात्र अधिकाऱ्यांचीच. हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी लिहिली. फ्रान्समधल्या न्यूव्ह-शापेल स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत, म्हणजे कोरणे शक्य होतेच. दिल्लीच्या इंडिया गेटवरची १३ हजारांहून अधिक नावे मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९च्या अफगाण युद्धातली आहेत. इराकमध्ये पडलेल्या आजोबांचे नाव तिथे न दिसल्याने कुणी निराश होऊ नये. २०२१ साली कमिशननेच नेमलेल्या समितीने हा भेदभाव कबूल केला : ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजारांचे नावानिशी स्मरणच झाले नाही. भिंतीवर नाव नसले तरी कमिशनच्या नोंदवहीत ते असू शकते, म्हणून संकेतस्थळावर शोधावेच.

आपल्या गावांतही हेच घडले. १९१४ ते १९१९च्या युद्धाला या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर असलेल्या शिळा ठिकठिकाणी आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आल्याचे सांगितले जाते. पंजाब सरकारने १९१९च्या सुमारास गाववार नोंदवह्या केल्या होत्या. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या त्या वह्यांत सुमारे ३ लाख २० हजार नावे निघाली आणि २०२१पासून त्यांचा काही भाग सर्वांसाठी खुला झाला. आपल्या शिळांवरच्या आकड्यांमागची नावे अशीच कुणीतरी गाववार गोळा करावीत, असे मनापासून वाटते. त्यासाठी सर्वांत जवळचे दप्तर तलाठ्याकडेच आहे. युद्धावरून परतलेल्यांना जमिनी मिळाल्या, काहींना दोन पिढ्यांपुरते ‘जंगी इनाम’ मिळाले. अशा जमिनीच्या जुन्या फेरफारात पलटणीचा उल्लेख सापडू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचे मासिक अनुदान आहे. आजीने त्यासाठी अर्ज केला असेल तर आजोबांच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटची नक्कल त्याला जोडलेली असण्याची शक्यता मोठी.

कैदेत गेलेल्यांसाठी जिनिव्हातल्या रेडक्रॉसची दप्तरे आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या इंटरनेटवर पाहता येतात. दुसऱ्यातल्यांसाठी अर्ज करावा लागतो आणि तो ठराविक मुदतीतच घेतला जातो. शौर्यपदकाची शिफारस झाली असेल तर क्यूमधली ‘डब्ल्यूओ ३७३’ ही मालिका पाहावी. तिथे साध्या शिपायाच्या पराक्रमाचे सविस्तर वर्णन मिळू शकते, आणि तो कागद हाती आलेले घर खरोखर भाग्यवान.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना नंबर, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा, भरतीचे अंदाजे साल, पदकाच्या कडेचा फोटो आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा. माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मागितले तर लेखी उत्तर मिळते. अर्जात शीट रोल, लाँग रोलमधली ओळ आणि पदकांची नोंद या तीन गोष्टी वेगवेगळ्या कलमांत मागाव्यात, म्हणजे एक नष्ट झाली म्हणून बाकीच्या दोन नाकारल्या जात नाहीत.