न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस (फोड आणि उच्चार)

इंग्रजीतला ४५ अक्षरी शब्द. अर्थ, सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसांचा विकार. विकार खरा आहे, पण डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणून मोकळे होतात. हे लांबलचक नाव अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली घडवले, तेही मुख्यतः लांबीसाठी.

अक्षरे ४५, तरी सिलॅबल (एका दमात उच्चारायचे तुकडे) १९च: न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो-स्कॉप्-इक्-सिल्-इ-को-व्हॉल्-के-नो-को-नि-ओ-सिस्. हे तुकडे सुटे पाठ करण्यात अर्थ नाही, जीभ मध्येच अडकते. शब्द सांध्यांवर मोडावा: न्यूमोनो (फुप्फुस), अल्ट्रा (पलीकडचे), मायक्रोस्कॉपिक (सूक्ष्म), सिलिको, व्हॉल्केनो (ज्वालामुखी), कोनिओसिस (धुळीचा विकार). सहा घास झाले की काम सोपे. पहिला आणि शेवटचा घास ग्रीक, अल्ट्रा लॅटिन; मधली सरमिसळ शब्द घडवणाऱ्याची.

'स्कॉप्-इक्' ही फोड विचित्र वाटते. आघात (उच्चारातला जोर) असलेल्या आखूड स्वराला पुढचे व्यंजन चिकटवायचे, असा इंग्रजी कोशांचा संकेत आहे, म्हणून ती तशी. कानाला मात्र स्कॉ-पिक असेच ऐकू येते. इथेच आणखी एक गंमत: मायक्रोस्कोप या नामात जोर 'माय'वर असतो, विशेषणात तो 'स्कॉ'वर सरकतो आणि ओचा ऑ होतो.

मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखे वजन मिळते; इंग्रजीत तसे चालत नाही. 'न्यूमोनो'मधला 'मो' आघाताअभावी जवळजवळ 'म' होतो. याउलट 'व्हॉल्केनो'त 'के' ठणठणीत हवा, आपल्याकडचा 'कॅ' नव्हे. सर्वांत मोठा जोर शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर, कोनि-ओ-सिस. थ्रॉम्बोसिस, ट्यूबरक्युलोसिस यांचाही हाच रिवाज. मेटॅमॉर्फसिस हा ठळक अपवाद.

स्पेलिंगमधला सुरुवातीचा 'पी' मूक, सायकॉलॉजीतल्यासारखाच. ग्रीकमध्ये तो उच्चारला जाई. ब्रिटिश 'न्यू' म्हणतात, अमेरिकी बहुधा 'नू'. हमखास चूक होते ती मात्र पुढे, 'नो' आणि 'अल्' यांच्या सांध्यात: दोन स्वर एकमेकांना भिडतात, घाईत त्यातला एक गिळला जातो आणि १९चे १८ होतात.