पुरात, अतिवृष्टीत घर पडलं तर: पंचनामा हाच तुमचा अर्ज

घर पडलेली माणसं तहसीलला जाऊन पहिल्यांदा विचारतात, "फॉर्म कुठे मिळेल?" घोळ तिथूनच सुरू होतो. नैसर्गिक आपत्तीत घराच्या पडझडीसाठी सरकार जी मदत देतं, तिचा खरा कागद म्हणजे जागेवर येऊन केलेला पंचनामा. त्यात जे लिहिलं जाईल त्यावर मंजुरी ठरते. मागाहून दिलेल्या दहा अर्जांनी ते सहसा बदलत नाही. आणि त्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही गावातल्याच माणसांची असते. म्हणून सांगते, हे काम ज्याने त्याने आपापलं करायचं नाही. गल्लीने, वाडीने मिळून करायचं.

आधी रक्कम. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे: पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी कधी वाढीव मदत जाहीर करतं, तेव्हा चालू शासन निर्णय बघूनच हिशेब करा.

आता हेच आकडे पुन्हा वाचा. पूर्ण पडलेलं कच्चं घर आणि झोपडी यांत १,१२,००० रुपयांचा फरक आहे, आणि तो पंचनाम्यातल्या एका शब्दावर ठरतो. मातीच्या भिंती दिसल्या की घाईघाईत 'झोपडी' लिहून पुढच्या घराकडे जाणारे मी पाहिले आहेत. नियमातली झोपडी म्हणजे गवत, माती, प्लॅस्टिक यांचा, कच्च्या घराहूनही कमी प्रतीचा तात्पुरता निवारा. दगडमातीच्या भिंतींचं, माळवदाचं, पिढ्यान्‌पिढ्या राहतं घर झोपडी होत नाही. सही करण्याआधी पंचांनी हा शब्द मोठ्याने वाचून घ्यावा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर तर कोणीही सही करू नये, अगदी "नंतर भरतो" म्हटलं तरी.

अंशतः पडझडीतही एक मेख आहे. नुकसान किमान १५ टक्के असावं लागतं. "भिंतीला तडे" एवढंच लिहिलं तर प्रकरण तिथेच संपतं. कोणती भिंत, किती फूट पडली, छपराचे किती पत्रे गेले, हे मोजून लिहायला लावा. टेप तुमच्याकडे तयार ठेवा.

पाणी ओसरलं की घरातली बाई पहिल्यांदा झाडू हातात घेते. स्वाभाविकच आहे, चिखलात लेकरं कशी निजवायची? पण एका गावात पंचनाम्याला माणसं आली तोवर एका आजींनी पडलेल्या भिंतीचे दगड एका कडेला नीट रचून ठेवले होते आणि जमीन सारवून घेतली होती. उरली होती ती भिंतीवरची छातीइतक्या उंचीची पाण्याची रेघ. "पडझड कुठे दिसते?" असं त्यांना विचारलं गेलं. शेजारच्या मुलाने आदल्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो होते म्हणून निभावलं. तेव्हा आधी फोटो, मग झाडू. फोटोत घराचा माणूस उभा असू द्या, मोबाइलचं लोकेशन चालू असू द्या, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या घरांपासून सुरुवात करा.

बहुतेकांकडे नसतो तो कागद आता. मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. गावात तो प्रश्न ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर येऊन थांबतो. कितीतरी लोक त्याऐवजी शेतजमिनीचा आठ-अ घेऊन येतात आणि दिवस वाया जातो. नमुना ८ वर आजोबांचं नाव असेल तर वारसांनी आपसात बसून मदत कोणाच्या खात्यावर घ्यायची ते ठरवावं आणि बाकीच्यांचं संमतिपत्र जोडावं. भावाभावांचा वाद पंचनाम्याच्या दिवशी उकरून काढला की सगळ्यांचीच रक्कम अडकते. गायरानावरच्या घरांचं सर्वांत अवघड. तिथे कराच्या पावत्या, वीजबिल, मतदार यादीतली नोंद, जे असेल ते जोडा. हमी देता येत नाही, पण कागदच नसेल तर बाजू मांडायलाही जागा राहत नाही.

"नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं, ती मुदत गेली" असं कोणी म्हटलं म्हणून घरी बसू नका. ती पीकविम्याच्या पूर्वसूचनेची गोष्ट; घराच्या पडझडीशी तिचा संबंध नाही.

आधार, पासबुक, रेशनकार्डाच्या प्रती नेहमीच्याच. पैसे मात्र आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही दिलेल्या पासबुकात जातीलच असं नाही. कोणतं खातं जोडलेलं आहे ते बँकेत विचारून या. यादीत तुमच्या नावापुढे 'विशिष्ट क्रमांक' आला की सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करावी लागते. राबून राबून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना एकटं पाठवू नका.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांनी आपली घरं स्वतः दुरुस्त केली. तेव्हा गावोगाव बायका 'संवाद सहायक' म्हणून काम करत होत्या. कोणाला काय मिळणार, दुरुस्ती कशी करायची, हे त्या घरोघरी जाऊन समजावत. तुमच्या गल्लीतही अशा दोघीजणी आजच ठरवा. एका वहीत प्रत्येक घराचं नाव, पंचनाम्याची तारीख, लिहिलेला प्रकार आणि कमी असलेला कागद टिपून ठेवू द्या.

लाभार्थ्यांची यादी लागली की ती वहीशी ताडून बघा आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. सभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या गणपूर्तीला पुरते, त्यामुळे माणसं जमवणं अशक्य नाही. नाव सुटलेल्या सगळ्यांची हरकत एकत्र लिहा, ग्रामसभेत तसा ठराव करून त्याची प्रत जोडा आणि तहसीलच्या आवक-जावक खिडकीवर द्या. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलू नका.