'डायनॅमिक' वेबसाइट म्हणजे हलणारी नाही भो

देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, ते सोडा. 2005 मध्ये वेबसाइटची 'डॉट इन'ने संपणारी नावं सगळ्यांना खुली झाली, आपल्याकडची खरी गोष्ट त्याच्यानंतरची. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलवाले, चटईवाले यांच्याकडे डिझायनर चकरा मारायला लागले, पाच पानांची साइट द्यायची, होम, अबाउट अस, प्रॉडक्ट, गॅलरी, कॉन्टॅक्ट, झालं.

पण घोळ घातला तो एका शब्दाने. कोटेशनमध्ये दोन रेट असायचे, स्टॅटिक स्वस्त आणि डायनॅमिक महाग. स्टॅटिक म्हणजे पान एकदाच बनवून ठेवलेलं, काही बदलायचं तर परत डिझायनरलाच फोन. डायनॅमिक म्हणजे माहिती डेटाबेसमध्ये, पान उघडलं की त्यातून जागेवर तयार होतं, मालक स्वतः पॅनेलमध्ये लॉगिन करून भाव, फोटो, स्टॉक बदलू शकतो. गिऱ्हाईकाने मात्र अर्थ घेतला हलणारी. एका मिलवाल्या काकांनी तर मला सरळ विचारलं, "डायनॅमिकचे पैसे घेतले ना भो, मग साइट हालत काहून नाही?" समजावून सांगायच्या ऐवजी आम्ही डिझायनरांनी काय केलं तर वर एक सरकती पट्टी टाकली आणि पुढचं बिल घेतलं. मीही टाकली, खोटं कशाला बोलू. कोणी फ्लॅशचा, म्हणजे वेबसाइटवर ॲनिमेशन चालवायच्या सॉफ्टवेअरचा, इंट्रो टाकायचं, डाळीचे दाणे पडतायत, म्युझिक चालू, कोपऱ्यात 'स्किप'. बिचारा खरेदीदार तेच बटण शोधत बसायचा.

मग मोबाइल आला. आयफोनवर फ्लॅश कधी चाललाच नाही, 2020 च्या शेवटी तर तो बंदच झाला. एप्रिल 2015 पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना गूगलच्या मोबाइल सर्चमध्ये झुकतं माप मिळायला लागलं, 2016 ला डेटा जवळपास फुकट झाला, 2018 पासून एचटीटीपीएस, म्हणजे साइटचं सुरक्षित कनेक्शन, नसेल तर ब्राउझर 'नॉट सिक्युअर' लिहायला लागला. तरी कितीतरी साइटींवर फोन नंबर बॅनरच्या फोटोतच छापलेला, बोट लावलं तरी कॉल लागत नाही.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याची साइट पाहिली. फोटो कुठूनतरी उचललेला, पिवळीजर्द केळी, वर परदेशी स्टिकर, आणि इथून गाडीत भरतात ती हिरवी! दिल्लीकडचा खरेदीदार विचारणार आजचा भाव काय, बॉक्स किती किलोचा, गाडी कधी भरणार. साइट म्हणते वेलकम. भाव रोज बदलतो, म्हणजे खऱ्या अर्थाने डायनॅमिक साइट लागते ती यालाच, आणि पॅनेल होतंही, फक्त पासवर्ड डिझायनरकडे आणि डिझायनर पुण्याला. आता दादा रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला भाव टाकतात. साइटवर अजून 2019 च्या श्रावणातला भाव आहे.